किंचित म्हणजे किती

आमच्या घरात 'थोडंसं' या शब्दाला काही वजन नव्हतं. पंगतीत बसलेला माणूस 'थोडंसं' म्हणाला की वाढणाऱ्याने त्याचा अर्थ 'वाढा' एवढाच घ्यायचा. 'बास' म्हणाला तर आणखी एक पळी. ताटावर दोन्ही हात आडवे धरून 'बास, बास' म्हणाला तर त्याला खरोखरच आवडलंय असं समजून बोटांच्या फटींतून वाढायचं. या कामात आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हात धरणारा आमच्या पंचक्रोशीत कोणी नव्हता. ते वाढायला उठले की माणसं आधीच ताटावर वाकायची आणि आण्णा त्यांच्या खांद्यावरून भांडं नेऊन नेमकं ताटात रिकामं करायचे. लोक तक्रार करायचे, ढेकर द्यायचे आणि पुढच्या वेळी बोलावलं की वेळेआधी यायचे. आण्णांचं म्हणणं एकच होतं, "मानूस तोंडानं मागत नाय गं. त्याच्या तोंडाकडं बघून समजून घ्यावं लागतं."

मी आज एका मुलींच्या वसतिगृहाचं भोजनगृह सांभाळते. किती मुली जेवणार, एकीमागे किती भाजी, किती डाळ, हे आदल्या दिवशी लिहून काढल्याशिवाय मी घरी जात नाही. स्वयंपाकघरातल्या बायका माझ्या याद्यांना हसतात. पण या याद्या मी कुठल्या वयात करायला लागले ते मला पक्कं आठवतं. मी तेव्हा बारावीला होते, रोज एसटीने नाशिकला कॉलेजात जायचे, आणि आमची द्राक्षं पहिल्यांदा इंग्लंडला जाणार होती.

दिंडोरी सोडून वणीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आमचा मळा. घर बागेच्या तोंडाशीच, त्यामुळे बागेचे सगळे आवाज घरात. पहाटे फवारणीच्या ट्रॅक्टरचा घोंघाट, दिवसभर पाखरं उठवायला बडवलेले पत्र्याचे डबे, आणि विरळणीच्या दिवसांत घडातले जादा मणी कापणाऱ्या बायकांच्या छोट्या कात्र्यांची एकसारखी टिकटिक. ती टिकटिक ऐकत मी अभ्यास केलाय. ती थांबली की कळायचं, बायका भाकरी खायला बसल्या. आण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ, आमचे नाना, बाग मिळून करायचे. नानांचं मन मात्र शेतात उरलं नव्हतं. सातपूरच्या कारखान्यात त्यांचा एक मित्र लागला होता आणि त्यांच्यासाठी शब्द टाकायला तयार होता. आण्णांना भाऊ जाऊ द्यायचा नव्हता. "यंदा माल बाहेर जाऊ दे," ते म्हणायचे, "मग तूच म्हणशील, दादा, मी कुठं जात नाय." नाना हसून म्हणायचे, "बरं, यंदाचं बघू." त्या 'यंदा'वर आमच्या घरातलं सगळं टांगलेलं होतं.

माल घेणाऱ्या कंपनीच्या वतीने भामरे नावाचे साहेब आमच्याकडे यायचे. कुठल्या दिवशी कुठलं औषध, किती पाण्यात किती, याचा छापील तक्ता त्यांनीच दिला होता आणि आईने तो देवघराच्या दाराला आतून चिकटवला होता. मणी वाटाण्याएवढे झाले तेव्हा भामऱ्यांबरोबर विलायतेहून माल बघायला पीटर साहेब आले. उंच, डोक्याला कापडी टोपी, उन्हाने लालबुंद झालेले. त्यांच्या बोलण्यात एक गंमत होती, ती माझ्या लगेच लक्षात आली. त्यांना कुठलीच गोष्ट मोठी वाटत नव्हती. ऊन कडक होतं, तरी ते म्हणाले 'वॉर्मिश', जरासं उबदार. रस्त्याने येताना त्यांची जीप खड्ड्यांतून आपटत आली होती, तरी रस्ता 'अ बिट बंपी'. चहा आमच्याकडे असतो तसा गोड होता, पाकासारखा. तो 'अ टच स्वीट'. भामरे साहेब मराठीत सांगताना हे सगळे छोटे शब्द गाळून टाकायचे. मला मात्र ते फार आवडले. आमच्या पुस्तकातल्या इंग्रजीत ते कुठेच नव्हते. सगळ्यांचा अर्थ 'थोडंसं'च, तरी मी मनात त्यांची चढती ओळ लावायला घेतली. सगळ्यात खाली टच, मग स्मिजन, मग टॅड, मग वी बिट, मग नुसतं बिट. ही ओळ मला कोणी शिकवली नव्हती. मी ती कानाने लावली आणि खरी मानली.

सकाळी बागेत फिरताना पीटर साहेबांच्या कानाला गांधीलमाशी चावली. त्यांनी फक्त डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि म्हणाले, "स्टिंग्ज अ टॅड."

"काय म्हणतोय?" आण्णांनी मला विचारलं.

"किंचित झोंबतंय म्हणतात."

"किंचित?" नाना ओरडले. "दादा, कान बघ त्याचा! बटाटेवडा झालाय!"

आईने धावत कांदा आणून चोळला. कान खरंच वड्यासारखा फुगला होता आणि साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आण्णा त्यांच्याकडे फार कौतुकाने बघत होते. नंतर घराकडे येताना मला म्हणाले, "मोठ्या घरचा मानूस हाय. दुखलं तरी बोलत नाय."

दुपारी पुरणपोळीचा बेत होता. कटाची आमटी, कुरडया, भात, आणि पोळीवर तूप. आई चुलीपाशी, मी पाटापाशी, आण्णा तुपाचं भांडं घेऊन उभे. पीटर साहेबांनी अंगठा आणि बोट यांच्यात दाण्याएवढी जागा दाखवून सांगितलं, "जस्ट अ स्मिजन." मी सांगायच्या आत आण्णांनी भांडं तिरकं केलं. तूप पोळीवरून वाहून आमटीच्या वाटीला लागलं. साहेबांनी भामऱ्यांकडे बघितलं. भामरे तोंड भरलेलं असल्यामुळे काही बोलू शकले नाहीत. मग साहेब जेवायला लागले. पहिली पोळी संपवली, दुसरी संपवली, बोटं चाटली, आणि स्वतःहून ताट पुढे करून म्हणाले, "परहॅप्स अ टॅड मोअर?"

"काय म्हणतोय?"

"अजून किंचित हवी म्हणतात."

आण्णांनी अख्खी पोळी वाढली आणि ती त्यांनी पुसून खाल्ली. नानांनी मांडीवर थाप मारली. "शोभे, तुझा किंचित लय मोठा हाय गं!" सगळे हसले. मीही हसले. माझी ओळ तिथेच डगमगायला लागली होती, पण एवढ्या गमतीत ती सावरायची कोण? आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या दुपारी आमच्या घरात जी खुशी होती तशी नंतर मला फारशी आठवत नाही. आई पदराने वारा घेत चुलीपाशी टेकली होती, आण्णा भिंतीला पाठ लावून पाहुण्याचं जेवण बघत होते, आणि त्यांना भूक लागल्याचं त्यांच्या लक्षातही नव्हतं.

जेवण झाल्यावर भामरे साहेब ओट्यावरच्या बाजेवर जरा पाठ टेकतो म्हणाले आणि घोरायला लागले. पुरणाची गुंगी. पीटर साहेबांना मात्र बागेची दुसरी बाजू बघायची होती. जेवून झोपलेल्या पाहुण्याला उठवणं आमच्याकडे कोणाच्या मनातही आलं नसतं. म्हणून मी, आण्णा आणि नाना त्यांच्याबरोबर निघालो. ते ओळींमधून वाकून चालत होते, घड तळहातावर तोलून बघत होते. एका वेलीपाशी ते थांबले, हिरवा मणी चिमटीत धरला आणि सहज म्हणाले, "लव्हली. कुड डू विथ बीइंग अ टॅड बिगर, परहॅप्स." मी मराठीत सांगितलं, छान आहे, पण मणी किंचित मोठा हवा असं म्हणतात. आण्णा थांबले. मणी त्यांनीही चिमटीत धरला. मग साहेबांच्या सुजलेल्या कानाकडे बघितलं आणि मान डोलावली.

जीप गेल्यावर घरात बैठक बसली. आण्णा म्हणाले, मणी फुगवायचं औषध आणखी एकदा द्यायचं, आणि तक्त्यापेक्षा कडक. ते औषध मगात कालवून एकेक घड त्यात बुडवायचा असतो. ठरलेल्या बुडवण्या झाल्या होत्या.

"दादा, तक्त्यात नाय हे," नाना म्हणाले.

"तक्ता सगळ्या गावाला दिलाय. हे त्यानं आपल्याला सांगितलं. आपल्या घरचं खाऊन सांगितलं." आण्णांचा आवाज खाली आला होता, गुपित सांगताना येतो तसा. "लाजतो तो. पोळी मागतानाबी लाजत व्हता."

आई आतून म्हणाली, "पाव्हण्याला जास्ती झालं तर तो ताटात टाकून उठतो. येल कुठं टाकंल?"

"तू आपली चूल बघ."

मग ते माझ्याकडे वळले. "शोभे, टॅड म्हंजी नक्की किती?"

मी डिक्शनरी आणली. त्यात होतं, अगदी थोडं. तेच वाचून दाखवलं. "पण त्यांच्या तोंडात ते किती असतं, ते मला नाही सांगता येणार," असंही म्हटलं. खरं तेच होतं. कान मी पाहिला होता आणि ती अख्खी पोळी संपलेलीही पाहिली होती. आण्णा समाधानाने हसले. "बघ. पुस्तकात थोडं, आन् पोटात लय. बोलीत मानूस दिसत नाय, तोंडावर दिसतो."

दुसऱ्या दिवशी बायका मग घेऊन बागेत शिरल्या.

मणी फुगले. बघायला माणसं येऊ लागली. वणीच्या बाजूचे बागाईतदार सायकली लावून आत यायचे, घड हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "आण्णा, लिंबं लावली का काय?" आण्णा प्रत्येकाला चहा पाजायचे. पण मणी नुसतेच फुगत राहिले. साल जाड झाली, देठ काडीसारखे ताठ झाले, आणि गोडी येईना. रोज सकाळी आण्णा एक मणी तोंडात टाकायचे आणि आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो. ते पुढच्या वेलीकडे जायचे. आई मणी घेऊन चाखायची आणि डोळे बारीक करायची. शेजारच्या बागा पिवळसर होऊन तोडणीला आल्या, आमची तशीच हिरवीगार.

तोडणीच्या ठरल्या दिवशी पीटर साहेब परत आले. नानांनी क्रेटची ट्रॉली आधीच बागेत लावून ठेवली होती. बायका हातमोजे घालून बांधावर बसल्या होत्या. या वेळी भामरे जागे होते आणि आल्या आल्या घड बघून त्यांचा चेहरा पडला होता. साहेबांनी वेगवेगळ्या वेलींवरून मणी तोडले, रस काचेवर पिळून साखर मोजायची नळी डोळ्याला लावली, एक मणी खाल्ला. तो रुमालात हळूच काढून ठेवला, आम्हाला दिसू नये असा. मग टोपी काढून म्हणाले, "अ टच ऑन द सावर साइड, आय'म अफ्रेड."

टच. जरासं आंबट. माझ्या ओळीत टच सगळ्यात खाली होतं. टॅडपेक्षाही कमी, स्मिजनपेक्षाही कमी. मी अजून ते मनात लावून बघत होते, सांगायला तोंड उघडत होते, तेवढ्यात आण्णा नानांना म्हणाले, "क्रेट खाली उतरवू नको."

त्यांनी मला विचारलंच नाही. भामऱ्यांनाही विचारलं नाही. त्यांनी साहेबांच्या तोंडाकडे बघितलं होतं, आणि त्यांना सगळं कळलं होतं. भामऱ्यांनी नंतर समजावून सांगितलं, की औषध जास्त झालंय, बोट या मालासाठी थांबणार नाही, आणि साहेबांनी बागेत जे म्हटलं होतं त्याचा अर्थ फक्त तेवढाच होता, किंचित, तक्त्याप्रमाणे चाललं असतं तरी मणी मोठा झाला असता एवढा. आण्णांनी हात जोडले. पीटर साहेब जाताना माझ्याशी हळू आवाजात बोलले, की त्यांना वाईट वाटतंय. त्यात मात्र छोटा शब्द एकही नव्हता.

त्या जागी मला पुन्हा उभं राहता आलं तर मी एकच गोष्ट करेन. मी म्हणेन, आण्णा, या वेळी तुम्हीच ओळखलं. मी शब्द लावत बसले होते आणि तुम्ही माणूस वाचलात. पहिल्यांदा चुकलात, पण या वेळी आमच्या सगळ्यांच्या आधी तुम्हाला कळलं. त्या दिवशी हे सुचायचं माझं वय नव्हतं. पुढे सुचलं, तेव्हा ते काढायला निमित्त उरलं नव्हतं. आणि आण्णांनी मधल्या काळात त्या दिवसाचा त्यांचा असा अर्थ लावून टाकला होता, की आपल्याला माणूस कळतो हा आपला नुसता भ्रम होता.

माल उशिरा, मिळेल त्या भावाने गेला. औषधाने थकलेल्या वेलींना पुढल्या हंगामात घडच कमी आले. नाना सातपूरला गेले. भांडण होऊन गेले असते तर परत बोलावता तरी आलं असतं. ते आईच्या पाया पडून, डोळे पुसत गेले आणि आण्णा म्हणाले, "नीट ऱ्हा." एवढंच. विरळणीच्या कात्र्यांची टिकटिक पुढे काही वर्षं ऐकू येत होती, दरवेळी जरा कमी. मग बाग काढली आणि तिथे टोमॅटो आले.

पण खरं जे बदललं ते बाहेरून कोणाला दिसलं नाही. आण्णा मोजायला लागले. आई म्हणायची, "भाजीत उलुसं मीठ टाका, माझे हात पिठाचे हायेत," तर ते विचारायचे, "उलुसं म्हंजी किती?" मजूर बाई म्हणायची, "आण्णा, जरा येळानं जाते," तर "जरा म्हंजी किती?" त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांना खरंच कळून घ्यायचं असायचं. मीच त्यांना मदत करायचे. चमचा दाखवायचे, घड्याळ दाखवायचे, लिहून द्यायचे. माझ्या याद्यांची सवय तिथून लागली. मला वाटायचं मी त्यांना आधार देतेय. आई एकदा वैतागून म्हणाली होती, "अगं, त्यांना हिशोब नको शिकवू, तो मानूस तसा नाय." मी म्हटलं, "आई, नेमकं कळलेलं बरं असतं." आज हे वाक्य मी भोजनगृहात रोज म्हणते, आणि दरवेळी म्हणताना आईचा आवाज ऐकू येतो.

लग्नात वधूपित्याने जिलबीचं ताट घेऊन आग्रहाला फिरायचं असतं. माझ्या लग्नात आण्णाही फिरले. मुलाकडच्या एका वडीलधाऱ्याने ताटावर हात आडवा धरला आणि ठरल्याप्रमाणे म्हणाले, "नको, नको. बरं, एकच. थोडंसं." आण्णांनी एक जिलबी ठेवली आणि पुढे गेले. मी समोरच्या ओळीत मुंडावळ्या सावरत बसले होते. त्या माणसाचा हात ताटावरच राहिला, आणखी एक टाळायला तयार असलेला. ती आलीच नाही. शेजारचा हळूच म्हणाला, "पाव्हण्यांचा हात आखडताय." सातपूरहून आलेल्या नानांनी ते ऐकलं. त्यांनी आण्णांच्या हातून ताट घेतलं, त्या गृहस्थांच्या पुढ्यात जिलब्यांचा ढीग केला आणि मोठमोठ्याने हसायला लागले. आण्णा मांडवाच्या खांबापाशी जाऊन उभे राहिले. मी त्यांना हाक मारली नाही. नवरी मुलगी मांडवात ओरडत नसते.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका रविवारी मी मळ्यात गेले. आई बायकांबरोबर सप्तशृंगीला गेली होती. आण्णा एकटेच होते. त्यांनी स्वतः पिठलं केलं होतं, लसणाची फोडणी घातलेलं, आणि ते पातेलंभर होतं. भाकरी शेजारणीने दिल्या होत्या. मी ताट घेऊन बसले. ते पळी घेऊन उभे राहिले, पूर्वी राहायचे तसेच, जरासे वाकून.

"किती?"

"थोडंसं," मी सवयीने म्हटलं.

त्यांनी थोडंसं वाढलं. पळीच्या टोकाएवढं. भाकरीच्या दोन घासांत ते संपलं. पातेलं भरलेलं होतं, त्याला वाफ येत होती. मी ताट पुढे केलं. "अजून वाढा, आण्णा."

"किती?"

"भरपूर."

पळी पातेल्यावर थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. गंमत करत नव्हते. "भरपूर म्हंजी किती, शोभे?"

शंभर मुलींच्या पानांत किती पडायला हवं ते मी झोपेतून उठवलं तरी सांगेन.  त्या दिवशी मला एकच सुचलं. मी ताट खाली ठेवलं, त्यावर दोन्ही हात आडवे धरले, बोटांत मुद्दाम फटी ठेवल्या आणि हसून म्हटलं, "नको, आण्णा. बास, बास."

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं.

"बरं," असं म्हणून त्यांनी पळी काढून घेतली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.